दादाकाकांचा पार्ट ए

नुकतंच लायसन्स मिळालं होतं, त्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस मला कुठे ना कुठे पिटाळत होतं. दूध, कोथिंबीर, ड्रायक्लीनिंगला टाकलेली आईची साडी, काहीही. मी एका पायावर तयार. आमची स्टेशन वॅगन जुनी, ब्रेक दाबला की कण्हायची. पण खिडकी खाली करून ओक ट्री रोडवरून निघाले की वाटायचं, सगळं एडिसन माझ्याच नावावर करून दिलंय.

त्यामुळे गुरुवारी दादाकाका म्हणाले, "दीपा, शाळा सुटल्यावर मला सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात नेशील?" तेव्हा मी कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही.

"बाबांना सांगून निघू?"

"त्याला कशाला? त्याच्या डोक्याला ताप कमी आहे का?"

ताप होताच. सोमवारी शेअरबाजार आपटला होता, आणि बाबांचं क्लिनिक विकायचं पक्कं झालं होतं. दहा वर्षांपूर्वी बाबांनी ते उघडलं, तेव्हापासून त्यांचे हे थोरले भाऊ त्याचं सगळं बघत आले. पेशंटांच्या वेळा, फोन, फायली, विमा कंपन्यांशी वाद, बर्फ पडला की पहाटे फावडं घेऊन पायऱ्या मोकळ्या करणं. आता नव्या वर्षात काही डॉक्टरांचा एक ग्रुप क्लिनिक घेणार होता. बाबा त्यांच्यात पगारावर राहणार होते. ग्रुपकडे कॉम्प्युटर होता, आणि दादाकाकांबद्दल त्यांनी काही विचारलं नव्हतं. डिसेंबरात दादाकाकांना पासष्ट पूर्ण होणार, म्हणून घरात सगळे म्हणत होते, बरंच झालं, आता आराम करा.

ऑफिसला जायला दादाकाकांनी टाय लावला होता. गाडीत त्यांनी माझी शिकवणीच घेतली.

"मेडिकेअर म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्य विमा. त्यात पार्ट ए म्हणजे हॉस्पिटल. पार्ट बी म्हणजे डॉक्टर. ए फुकट, बी-ला महिन्याचा हप्ता. शिवाय जे उरतं ते भरायला वरून एक छोटी पॉलिसी घ्यायची. कळलं?"

"कळलं."

"नाही कळलं. सांग बघू परत."

मी सांगितलं. ते खूश झाले. दोन महिने पुस्तिका वाचून, खाली रेघा मारून त्यांनी ठरवलं होतं, काय घ्यायचं आणि काय नाही. आयुष्यात पहिल्यांदाच अमेरिका त्यांना काहीतरी देणार होती आणि ते चार दुकानं फिरून साडी निवडावी तसे निवडत होते.

खिडकीपलीकडची बाई गोड होती. तिने मशीनवर त्यांचा नंबर घातला, जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "सत्त्याहत्तर सालानंतर तुम्ही काय करत होता?"

"क्लिनिक," दादाकाका म्हणाले. "माय यंगर ब्रदर्स क्लिनिक." छाती थोडी पुढे आली होती.

"पगार किती होता?"

लहान मुलाने भलतंच विचारलं की मोठी माणसं हसतात तसे दादाकाका हसले. "नो, नो, मॅडम. वी आर फॅमिली."

ती हसली नाही. मग तिने हळूहळू सांगितलं. सरकारच्या लेखी दादाकाकांनी या देशात जेमतेम तीन वर्षं काम केलं होतं. जर्सी सिटीच्या कारखान्यात, इथं आल्या आल्या. पुढे काही नाही. पगार नाही, पगारातून कापलेला कर नाही, म्हणजे काम नाही. पार्ट ए फुकट मिळायला आणखी पाचएक वर्षं पगारी नोकरी हवी. नाहीतर ए विकत घ्यावा लागेल, आणि तो हप्ता बी-सारखा किरकोळ नव्हता. बायकोचंही तसंच. नवऱ्याची वर्षं भरली, तर तिला पासष्टाव्या वर्षी त्याच्या नावावर मिळणार.

"बट ही वर्क्ड!" मी म्हटलं. माझा आवाज तिथल्या सगळ्या खुर्च्यांपर्यंत गेला. "एव्हरी सिंगल डे! सॅटरडेज टू!"

"आय बिलीव्ह यू, हनी," ती म्हणाली.

तिने विश्वास ठेवला नसता तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

परतताना दादाकाका फक्त एकदा बोलले. "परवा भाऊबीज आहे, वसू येतेय. तोवर घरात काही काढायचं नाही."

"ओके."

"ओके नाही. शब्द दे."

मी दिला.

*

वसुधाआत्या ही या दोघा भावांमधली बहीण. तिचे यजमान स्टेट कॉलेज नावाच्या लांबच्या गावी शिकवतात. तिकडे आपलं दुकान नाही की देऊळ नाही, त्यामुळे ती आमच्याकडे येते तेव्हा आधी बोलून घेते आणि मग कोट काढते. सकाळी तिने दोघा भावांना ओवाळलं. दोघांनी तबकात पाकिटं टाकली. दादाकाकांचं पाकीट दरवर्षी बाबांनीच भरून ठेवलेलं असतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

स्वयंपाकघरात आई पुऱ्या लाटत होती. आईला त्या दिवशी एकच गोष्ट मार्गी लावायची होती आणि त्यासाठी तिला नणंद हवी होती.

"वसुधाताई, तुम्ही दादांशी बोला ना," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आता इथं ते दोघं दिवसभर करणार काय? पुण्याचा ब्लॉक रिकामाच आहे. माणसं आहेत, भाषा आहे. औषधपाणीसुद्धा किती स्वस्त."

"दादा ऐकेल?"

"तुमचं ऐकतील. मी बोलले तर जाऊ घालवतेय असं होईल."

"मग घालवत नाहीयेस?"

आईने लाटणं थांबवलं. तेरा वर्षं एका स्वयंपाकघरात दोन बायका. हे घर तिचं होतं, कर्ज तिच्या नवऱ्याचं होतं, आणि अजूनही चहात आलं किती घालायचं हे जाऊ ठरवत होती. तिला वाईट व्हायचं नव्हतं. तिला फक्त एकदा सकाळी उठून ओट्याशी एकटं उभं राहायचं होतं.

"तुम्हीच सांगा, मी काही चुकीचं बोलतेय का?" ती म्हणाली.

फ्रीजचं उघडं दार मिटलं. पलीकडे तीच जाऊ, सुहासिनीकाकू, बासुंदीचं पातेलं घेऊन उभी होती.

"वेलची घातली का गं यात, मृणाल?" काकूने विचारलं, अगदी नेहमीच्या आवाजात.

काकूने सगळं ऐकलं होतं. ऐकलं आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते पुणं नव्हे, गोळ्या. काकूच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. बाबांचे एक स्नेही तिला ओळखीवर तपासतात, आणि गोळ्या म्हणजे औषध कंपन्यांची माणसं क्लिनिकमध्ये फुकट ठेवून जातात त्या. ज्या कंपनीचा माणूस आला त्या कंपनीची गोळी. कधी पिवळी, कधी पांढरी. पांढरीने तिला चक्कर येते, पण फुकटच्या गोळीला रंग कसा विचारायचा? आणि गुरुवारी रात्री नवऱ्याने टाय सोडता सोडता जे सांगितलं होतं ते तेव्हापासून तिच्या छातीत बसून होतं.

*

जेवायला दहा मिनिटं सगळं फार छान चाललं होतं. आत्या वाढत होती.

"दादा, बासुंदी."

"नको गं, झाली."

"असं कसं? वर्षातून एकदा येते मी."

"खरंच नको."

"थोडीशी. माझ्या हातची समज."

दादाकाकांनी वाटी पुढे केली आणि बाबा हसले. "बघ, तिसऱ्यांदा म्हटल्यावर घेतो. लहानपणापासून असाच."

मग आत्याने बसता बसता विचारलं, "मेडिकेअरचं केलंस का रे दादा? ह्यांच्या डिपार्टमेंटमधल्या एकांनी पार्ट बी वेळेत घेतला नाही, तर आता दर महिन्याला जादा भरतायत. मरेपर्यंत."

"बी कशाला हवाय त्याला?" बाबा म्हणाले. "घरात डॉक्टर असताना? ए फुकट मिळतोच, हॉस्पिटलचं भागलं. बाकी मी आहे."

"ए फुकट नाही," दादाकाका म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"सरकार म्हणतं. मी इथं काम केलेलं नाही म्हणे."

बाबांनी पुरी खाली ठेवली. दादाकाकांनी खिडकीतल्या बाईने सांगितलेलं सगळं सांगितलं. एकही शब्द चढवला नाही, की गाळला नाही.

"तुला कसं कळलं? तू एकटा गेलास?"

"दीपाने नेलं."

बाबा माझ्याकडे वळले. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"ही मेड मी प्रॉमिस," मी म्हटलं.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. पेशंटला रिपोर्ट वाईट आहे हे सांगताना त्यांचा आवाज होतो तसा झाला होता, शांत आणि गुळगुळीत. "काही मोठं नाही. ए विकत मिळतो ना? मी हप्ता भरतो. विषय संपला."

"विषय संपला नाही, भावजी," काकू म्हणाली.

काकू जेवताना बोलत नाही. सगळ्यांनी वर पाहिलं.

"माझं काय?"

"वहिनी, तुमचं बघतातच की आपले मित्र."

"क्लिनिक तुमचं आहे म्हणून बघतात. ते गेल्यावर? आणि गोळ्या? त्या ग्रुपच्या कपाटातून मी घेणार?"

"म्हणूनच मला वाटत होतं," आई हळूच म्हणाली, "की पुण्याला..."

"ऐकलं मी, मृणाल. फ्रीजमागून."

आईचे कान लाल झाले. आत्याने घाईने पाण्याचा तांब्या उचलला आणि भरलेल्या पेल्यात पाणी ओतलं.

बाबा मात्र आता पेटले होते. "एक मिनिट. हे सगळं माझ्यावर येतंय असं दिसतंय. मी पगार देत होतो! क्लिनिक उघडलं त्याच दिवशी अकाउंटंट म्हणाला, भावाला पे-रोलवर घ्या. मी आलो आणि दादाला विचारलं. विचार त्याला, वसू. दादा, मी विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतंस."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हणालो, धाकट्या भावाकडून पगार घेऊ?"

"मग?"

"मग काय. तू परत विचारलं नाहीस."

"अरे, किती वेळा विचारायचं होतं मी?"

"दुसऱ्यांदा," दादाकाका म्हणाले.

आत्याच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच होता.

बाबांना तो दिवस आठवत होता. नवीन रंगाचा वास, अजून न आलेल्या खुर्च्या. दादा नाही म्हणाला तेव्हा त्यांना थोडं वाईट वाटलं होतं, आणि खूप बरं वाटलं होतं. क्लिनिकचं कर्ज होतं, घराचं कर्ज होतं. एक पगार वाचला. दुसऱ्या दिवशी विचारलं असतं तर दादा हो म्हणाला असता, हे त्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. हे त्यांनी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं, आणि आता टेबलावर पाच माणसं बसली असताना तर ते सांगणं शक्यच नव्हतं. म्हणून ते ओरडले.

"मी कमी केलं का कुणासाठी? तिकिटं मी काढली. स्पॉन्सर मी केलं. दादाला, वहिनींना, वसूला. या घरात कधी तुझं-माझं केलं?"

"नाही केलंस, चारू," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "दादा, हे खरंय. चारू नसता तर आम्ही कुणीच इथं नसतो. ते नको का धरायला?"

"धरलंय ना," काकू म्हणाली. "दहा वर्षं धरूनच बसलोय." मग ती अचानक नवऱ्याकडे वळली, आणि मला कळलं की आत्तापर्यंत ती बाबांशी भांडतच नव्हती. "आणि तुम्ही? नाही म्हणून आलात ते जिन्यात मला केवढ्या ऐटीत सांगितलंत! मी तेव्हाच म्हटलं, उद्या जाऊन हो म्हणा. भाड्याने का होईना, दोन खोल्या घेऊ. तर म्हणालात, शोभत नाही. शोभा तुमची आणि झडप माझी."

"सुहास, पुरे."

"का? पुरे कधी म्हणायचं हे मला, दुसऱ्यांदा सोडा, कुणी एकदा तरी विचारलंय?"

मला टाळी वाजवावीशी वाटली आणि रडावंसंही. मी दोन्ही केलं नाही, लोणच्याची बरणी घट्ट धरून बसले.

मग आई बोलली. ती बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "क्लिनिकची बिलं मी टाइप करते," ती म्हणाली. "रोज दुपारी. पाच वर्षं झाली. माझं काय झालंय सरकारदरबारी?"

"तुझा काय संबंध?" बाबा वैतागले. "तू माझी बायको आहेस. तुला माझ्या नावावर सगळं मिळेल."

आई चारचौघांत बाबांना अहो म्हणते. पण त्या दिवशी म्हणाली, "वहिनीही कुणाच्या तरी नावावरच होत्या, चारू."

ती उठली, काकूच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिचं ताट उचलू लागली. काकूने तिचा हात बाजूला केला. स्वतःचं ताट स्वतः उचललं. आई तशीच उभी राहिली, हात रिकामे. सकाळी घालवायला निघालेल्या जावेला दुपारी जवळ घेता येत नाही, एवढं मलासुद्धा कळलं.

टेबलावर आम्ही चौघं उरलो.

"दादा," बाबा म्हणाले. आवाज खाली आला होता. "मी दर महिन्याला भरतो. ए, बी, वरची पॉलिसी, वहिनींचंही काय ते. घे."

"नको."

"घे रे."

"नको."

"दादा, हे तिसऱ्यांदा विचारतोय."

दादाकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं. लहान भावाकडे बघतात तसंच पाहिलं, त्यात राग नव्हता. मला तेच सहन झालं नाही.

"चारू," ते म्हणाले, "आता खरंच नको."

*

पुढच्या आठवड्यात दादाकाकांनी पार्ट बी घेतला, साठवणीतल्या पैशांतून. ए-चं पान कोरं ठेवलं. मग म्हणाले, "आता आयसेलिनला चल." काकूही आली, मागच्या सीटवर बसली. या वेळी टाय नव्हता. स्वेटर होता.

राजारामशेठचं किराणा दुकान नवीन होतं. अजून अर्धी पोती जमिनीवरच होती. दादाकाकांना बघून ते काउंटरबाहेर आले. त्यांची रक्तदाबाची फाइल दादाकाकांनीच दहा वर्षं सांभाळली होती.

"नोकरी? तुम्हाला? माझ्याकडे?" राजारामशेठ आधी हसले, मग हसायचे थांबले. "काका, तुमच्यासारखा माणूस मला मिळणार कुठे? उद्यापासून या. गल्ल्यावर बसा, मालाकडे बघा. दर शुक्रवारी रोख हातात देतो. कागद नाही, कर नाही, कटकट नाही."

"कापून द्या," दादाकाका म्हणाले.

"अं?"

"पगार चेकने द्या. सोशल सिक्युरिटीचं कापायचं, तुमचा वाटा घालायचा आणि सरकारला भरायचं. एकही आठवडा चुकवायचा नाही."

"अहो काका, सगळी पोरं माझ्याकडे उलटं मागतात! कापू नका म्हणून पाया पडतात. आणि हातात किती कमी येईल, ठाऊक आहे ना? आपल्यात कशाला हे? तुम्ही मला वडिलांसारखे."

"तसं नका म्हणू," दादाकाका म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की राजारामशेठ दचकले. "मला नोकर म्हणा. तसं लिहून द्या, म्हणजे झालं."

शेठने माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी समजावेन म्हणून. आठवड्याभरापूर्वी मी नक्की काहीतरी बोलले असते, तेही मोठ्याने. मी डाळींची पाकिटं बघत राहिले. शेवटी शेठने मान हलवली आणि "बरं बाबा, कापतो" म्हणाले, त्यांनाच काहीतरी गमावल्यासारखं.

आम्ही गाडीत येऊन बसलो. मी किल्ली फिरवली नव्हती.

"किती वर्षं म्हणाली ती बाई?" काकूने मागून विचारलं.

"पाचेक."

"म्हणजे तुम्ही सत्तरीचे. मी पासष्टची."

"हं. तेव्हा दोघांनाही मिळेल. माझ्या नावावर."

"आणि तोवर?"

दादाकाका समोरच्या काचेतून दुकानाकडे बघत होते. आतला पोरगा तांदळाचं पोतं ओढत होता, त्याला ते झेपत नव्हतं.

"तोवर आजारी पडायचं नाही," दादाकाका म्हणाले.

"बरं," काकू म्हणाली, येताना कोथिंबीर आण म्हटल्यावर म्हणते तसं.

मागच्या सीटचा पट्टा ती कधीच लावत नाही, साडी चुरगळते म्हणून. मी आरशात पाहिलं. सीटच्या फटीत हात घालून तिने दोन्ही टोकं शोधून काढली, पदर सारखा केला आणि कुणी न सांगता पट्टा कमरेला घट्ट आवळून घेतला.